'ब्रेक' मराठीत आणताना: नवख्या अनुवादकांसाठी पायरीपायरीने

परवा माझा चष्मा टेबलावरून खाली पडला. एक काच फुटली, एक काडी मोडली आणि नाकावर टेकतो तो प्लॅस्टिकचा इवलासा तुकडा निखळून कपाटाखाली गेला. चष्म्याच्या दुकानात हे तिन्ही वेगवेगळं सांगावं लागलं, कारण तिन्हींचे पैसे वेगळे. संध्याकाळी अमेरिकेतल्या बहिणीला फोनवर तेच सांगत होते, तर तिचा दहा वर्षांचा मुलगा मधेच म्हणाला, "मावशी, सो युवर ग्लासेस ब्रोक." झालं, एका शब्दात आटोपलं.

अनुवादाच्या कामात नव्याने पडलेल्यांची गाडी नेमकी इथे अडते. इंग्रजीला वस्तू धड राहिली नाही एवढं सांगून भागतं. मराठी लगेच विचारते, वस्तू कोणती आणि गेली कशी? त्यामुळे 'ब्रेक'ला प्रतिशब्द शोधत बसलात तर फसाल. मी पहिली दोन-तीन वर्षं तेच केलं, 'तोडणे-तुटणे' सगळीकडे ठोकून दिलं आणि संपादकांकडून लाल शाईचे ताव परत घेतले. तुमचे तरी वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

१. बसण्याआधी जवळ काय हवं

- मूळ वाक्य एकटं नको. त्याच्या आधीचा आणि नंतरचा परिच्छेद मागून घ्या. सुटं वाक्य पाठवणाऱ्या क्लायंटला न लाजता विचारा.
- वस्तूचं चित्र. विशेषतः यंत्रांच्या माहितीपुस्तकात. कुठला भाग तार आहे, कुठला दांडा, कुठला काचेचा, हे कळल्याशिवाय क्रियापद ठरत नाही.
- क्लायंटची शब्दसूची, असली तर.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. १८३१चा, पण वापरायची ती १८५७ची दुसरी आवृत्ती. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो. दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश'ही तिथेच आहे.
- कायदा, वैद्यक, शास्त्र असल्या मजकुरासाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश.

मोल्सवर्थ उलटा वापरायचा. म्हणजे इंग्रजीतून मराठीत जाताना मनात आलेला मराठी शब्द त्यात काढायचा आणि समोरच्या इंग्रजी अर्थांत आपलं मूळ वाक्य बसतंय का ते पाहायचं. 'मोडणे' काढून बघा एकदा, अर्धा तास कुठे गेला कळणार नाही.

२. हा कुठला ब्रेक, ते आधी ठरवा

गाडीचा ब्रेक आणि कामातला ब्रेक हे इंग्रजीत वेगळ्या स्पेलिंगचे दोन शब्द. उच्चार एक, म्हणून देवनागरीत दोन्ही एकच दिसतात. मराठीने मात्र त्यांना क्रियापदांनी वेगळं ठेवलं आहे. ब्रेक लागतो तो गाडीचा, ब्रेक घेतात तो सुट्टीचा. 'प्रकल्पाला ब्रेक लागला' म्हणजे काम अडलं, 'प्रकल्पातून ब्रेक घेतला' म्हणजे कोणीतरी महाबळेश्वरला गेलं. ऐकून उतरवलेल्या संवादांवरून उपशीर्षकं करत असाल तर ही गफलत हमखास होते.

मग रूप पाहा. 'ब्रोक' हे भूतकाळी क्रियापद असू शकतं, विशेषणही असू शकतं. 'ही इज ब्रोक' म्हणजे तो कफल्लक आहे. 'ही इज ब्रोकन' म्हणजे तो खचला आहे. पहिल्याला पैसे द्या, दुसऱ्याला चहा. एका मालिकेच्या उपशीर्षकांत मी पहिल्याचं 'तो तुटला आहे' झालेलं पाहिलंय, आणि पुढच्याच दृश्यात तो गडी हसत हसत उसने पैसे मागत होता.

३. वस्तू हातात धरून पाहा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. इथे घाई करू नका.

जे लांब आणि ताणलेलं असतं, ते तुटतं: दोरी, तार, साखळी, चपलेचा अंगठा. मुख्य वस्तूपासून एखादा भाग वेगळा झाला तरीही तुटतं.

जे काचेचं, मातीचं किंवा आत पोकळी असलेलं असतं, ते फुटतं: बरणी, माठ, अंडं, फुगा, डोकं. आतून काहीतरी बाहेर येणार असेल तरीही फुटतंच. धरण फुटतं ते म्हणूनच. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, असंच पुण्यात आजही म्हणतात. 'पानशेत तुटलं' म्हणणारा पुणेकर मला भेटायचा आहे. पूल मात्र तुटतो, कोसळतो नाहीतर वाहून जातो. फुटत नाही.

जे कडक असतं आणि वाकवल्यावर जातं, ते मोडतं: काठी, पेन्सिलीचं टोक, खुर्ची, पापड, हाड. रचना मोडते, तीही इथेच येते: घडी मोडली, डाव मोडला, भांग मोडला.

जे पातळ आणि पसरट, ते फाटतं. शिवण उसवते. सांध्यातलं निखळतं. चीर पडली पण तुकडे नाही झाले, तर तडकतं. माती, डोंगराची कड, जुनी भिंत ढासळते.

आता एक कप घ्या. खाली पडून खापऱ्या झाल्या तर कप फुटला. नुसता कान गेला तर कान तुटला. बारीक रेघ दिसतेय पण चहा गळत नाही, तर कपाला तडा गेला. इंग्रजी मजकुरात या तिन्ही जागी 'ब्रोकन कप' येऊ शकतं. ऑनलाइन खरेदीच्या 'माल परत करा' पानांवर तर येतंच. अशा वेळी चित्र मागा, किंवा 'फुटका-तुटका' असा जोडशब्द वापरून दोन्ही शक्यता झाका. जोडशब्द ही मराठीची सोय आहे, वापरा. 'ब्रोकन इंग्लिश'ला मोडकंतोडकं इंग्रजी म्हणतो तेव्हा आपण दोन क्रियापदं एकाच दावणीला बांधलेली असतात.

लाकडाचं मात्र जपून. झाड तोडतात, फांदी वादळात मोडते, ओंडका कुऱ्हाडीने फोडतात. एकच झाड, तीन क्रियापदं. सरपण तोडून आणतात आणि घरी आणून फोडतात.

४. हाडांपाशी थांबा

ही माझी स्वतःची चूक, म्हणून वेगळी पायरी.

एका विमा कंपनीचं माहितीपत्रक माझ्याकडे आलं होतं. मूळ इंग्रजीत 'ब्रोकन आर्म' होतं. मी लिहिलं, 'हात तुटल्यास'. रात्रीचे अकरा, सकाळी काम द्यायचं, डोळ्यांवर झोप. 'ब्रोकन' दिसलं की बोटं आपोआप 'तुट' टंकायला लागायची. सकाळी मजकूर तपासणाऱ्या बाईंचा फोन आला. आवाज शांत होता, ते जास्त वाईट. "अहो ताई, हात तुटला म्हणजे गेला ना हो? मोडला असेल ना?"

हात मोडला म्हणजे आत हाड मोडलं, प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी पुन्हा पोळ्या लाटायला मोकळ्या. हात तुटला म्हणजे अंगापासून वेगळा झाला. अपघात विम्यात या दोन गोष्टींची भरपाई सारखी नसते. माझा एक शब्द छापून गेला असता तर कोणीतरी प्लास्टरमधला हात घेऊन अवयव गमावल्याची रक्कम मागायला गेलं असतं, आणि त्याचं काही चुकलं नसतं.

बोलताना लोक 'हाड तुटलं' म्हणतात, ते चालून जातं. 'हात तुटला', 'पाय तुटला' चालत नाही. वैद्यकीय कागदावर 'अस्थिभंग' लिहा, पण रुग्णाच्या हातात पडणाऱ्या पत्रकात 'हाड मोडणे'च ठेवा. ताप 'ब्रेक' होतो तेव्हा तो उतरतो, हे जाता जाता.

५. कोणी केलं, की आपोआप झालं?

इंग्रजीत 'द जार ब्रोक' आणि 'आय ब्रोक द जार' यांत क्रियापद एकच. मराठीत जोड्या आहेत: फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, फाटणे-फाडणे. एवढं शाळेत शिकवतात. न शिकवलेली गोष्ट अशी की 'मी बरणी फोडली' या वाक्यात हेतू येतो. मुद्दाम, रागाने, दगड घालून. पोरगं आईसमोर उभं राहून 'आय ब्रोक द जार, मम' म्हणतं, त्याचं मराठी 'आई, मी बरणी फोडली' नाही होत. 'आई, माझ्या हातून बरणी फुटली' असं होतं. किंवा 'माझ्याकडून फुटली'. मुलांच्या गोष्टींत या जागी चूक झाली की गोड पोर एकदम खलनायक वाटायला लागतं.

कागदोपत्री तर हे फार नाजूक. 'द विंडो वॉज ब्रोकन' असं जबाबात आलं तर 'काच फुटलेली होती' लिहायचं की 'काच फोडलेली होती'? पहिल्यात वारा, मांजर, चेंडू काहीही असू शकतं. दुसऱ्यात माणूस आला. मूळ वाक्य काही बोलत नसेल तर तुम्हीही 'फुटलेली'च लिहा. गुन्हा शाबीत करणं अनुवादकाचं काम नव्हे.

'मोडणे' मात्र इंग्रजीसारखं वागतं. काठी मोडली, त्याने काठी मोडली, रूप तेच. तिथे हेतू नको असेल तर 'त्याच्या हातून' घालावं लागतं.

६. पुढचं शेपूट वाचा

'ब्रेक'च्या मागे अप, डाऊन, इन, ऑफ, अपार्ट असं काही लागलं की मूळ अर्थ बराचसा विसरायचा.

'ब्रेक डाऊन' झालेली गाडी बंद पडते. 'गाडी मोडली' लिहिलंत तर वाचणारा भंगारवाल्याला फोन करेल. माणूस 'ब्रेक डाऊन' होतो तेव्हा त्याला रडू कोसळतं. हिशेबाचा 'ब्रेकडाऊन' म्हणजे खर्चाची फोड. हा 'फोड' शब्द जपून ठेवा, सुंदर आहे. समासाची फोड, रकमेची फोड, सगळीकडे चालतो. आपल्याकडच्या ऑफिसांत यालाच 'ब्रेकअप' म्हणतात, म्हणजे पगाराचा ब्रेकअप. तोच शब्द कॉलेजच्या कट्ट्यावर गेला की प्रेमभंग. पगाराचा ब्रेकअप मागणारं पत्र पुण्याच्या ऑफिसातून परदेशात गेलं तर तिकडे कोणीतरी गालात हसत असणार.

'ब्रेक इन' म्हणजे घर फोडणे. मराठीत घरफोडी आहेच. 'ब्रेक इव्हन' म्हणजे ना नफा ना तोटा. 'ब्रेक आउट' साथीच्या बाबतीत असेल तर साथ पसरते, युद्ध असेल तर भडकतं, कैदी असतील तर तुरुंग फोडून पळतात.

आता 'ब्रेक अपार्ट'. इथे नवखे लोक पुन्हा 'तुटणे'कडे वळतात. पण या शब्दाचा भर तुकडे वेगळे होण्यावर असतो, म्हणून मराठीत तुकड्यांनाच पुढे आणावं. १ फेब्रुवारी २००३ला कोलंबिया यान परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात 'ब्रेक अपार्ट' झालं, कल्पना चावला त्यातच होत्या. त्याचं 'यान तुटलं' करवत नाही. 'यानाचे तुकडे तुकडे झाले'. शूमेकर-लेव्ही ९ हा धूमकेतू १९९२मध्ये गुरूच्या ओढीने असाच 'ब्रेक अपार्ट' झाला, त्याचेही तुकडेच झाले आणि जुलै १९९४मध्ये ते एकामागून एक गुरूवर आदळले. टेबल हळूहळू 'ब्रेक अपार्ट' होत असेल तर ते खिळखिळं होतं. माती होत असेल तर तिचा भुगा होतो.

संस्था, देश, पक्ष आले की रंग बदलतो. सोव्हिएत संघाचं १९९१मध्ये विघटन झालं. पक्ष फुटतो, पक्षात फूट पडते. १९०७ला सुरतेत काँग्रेसचं जे झालं ती फूटच. 'विघटन' तिथे लावलंत तर काँग्रेस तेव्हाच संपली असं वाटेल. घराचं म्हणाल तर वाटण्या होतात, चुली वेगळ्या होतात. 'ब्रोकन होम'ला मात्र 'तुटलेलं घर' म्हणू नका, छपराचं काम निघालंय असं वाटतं. आईवडील वेगळे झालेलं घर, असं सरळ लिहा.

आणि हो, 'द मॅरेज ब्रोक अप'. 'लग्न मोडलं' लिहाल तर मराठी वाचक समजेल की ठरलेलं लग्न मांडवाआधीच फिसकटलं. संसार मोडला, किंवा काडीमोड झाला. त्या शब्दातच काडी मोडणं आहे.

७. हातात न येणाऱ्या गोष्टी

कायदा, नियम, शब्द, विक्रम, सवय, मन: हे सगळं मोडतं. ६ एप्रिल १९३०ला गांधीजींनी दांडीला मिठाचा कायदा मोडला. त्याच चळवळीचं नाव मात्र कायदेभंग. बोलीत मोडणे, समासात भंग, हे एक धोरण धरून ठेवा: वचन मोडलं पण वचनभंग, अपेक्षाभंग, हक्कभंग, शांतताभंग. 'शांतता मोडली' कोणी म्हणत नाही.

बँकेची ठेव मोडतात, दागिने मोडतात, पाचशेची नोट मोडतात. इथे इंग्रजी आणि मराठी कधी नव्हे ती एकत्र चालतात (दागिने सोडून, ते इंग्रजीत निव्वळ विकले जातात).

उपासाचं बघा. सकाळच्या न्याहारीच्या इंग्रजी शब्दात उपास 'ब्रेक' करणंच लपलेलं आहे. मराठीत उपास वेळेवर सोडतात. मोडतो तो चुकून शेंगदाणे समजून फुटाणे खाल्ले तर. रमजानच्या रोज्याबद्दलच्या इंग्रजी बातमीत 'ब्रोक देअर फास्ट' असेल तर 'रोजा सोडला' लिहायचं. 'मोडला' लिहिणं म्हणजे त्या माणसांवर आरोप करणं. मौनही असंच सोडतात.

बातमी फुटते म्हणजे वेळेआधी बाहेर पडते, पेपर फुटतो तसा. 'शी ब्रोक द न्यूज टू हिम' ही निराळीच गोष्ट. तिने ती बातमी हळूच त्याच्या कानावर घातली. पावसाळ्यातला 'ब्रेक' म्हणजे उघडीप. शेतीच्या बातम्यांत 'पावसाचा खंड' चालतं, पण गावाकडचा वाचक असेल तर 'पावसाने उघडीप दिली' हेच लिहा. पहाट 'ब्रेक' होते तेव्हा तांबडं फुटतं, लाटाही फुटतात, वयात येणाऱ्या मुलाचा आवाजही फुटतो. इथे इंग्रजीच्याच वाटेने गेलात तरी पोचता, पण पालवी, पान्हा आणि कंठही फुटतो, तिथे इंग्रजी हात टेकते.

८. जे फुटलं म्हणायचं नाही

मंगळसूत्र तुटत नाही, वाढवतं. बांगडी फुटत नाही, वाढवते. देवापुढचा नारळ फोडत नाहीत, वाढवतात. स्वयंपाकघरातला खुशाल फोडा. भारतीय इंग्रजी कादंबऱ्या मराठीत आणताना हे फार लागतं. एखादी सासू स्वतःच्या तोंडाने 'मंगळसूत्र तुटलं' म्हणाली तर त्या कादंबरीतलं घर तिथेच खोटं पडतं. निवेदक परका असेल, किंवा लेखकाला तिथे अशुभाचा धक्का हवाच असेल, तर 'तुटलं' ठेवा. पण ते ठरवून.

९. 'ब्रेक' तसाच कधी ठेवायचा

करिअर ब्रेक, सिनेमातला पहिला ब्रेक, ऑफब्रेक गोलंदाज. याला मराठी घडवायला जाऊ नका. शाळेतली मात्र मधली सुट्टी, कारखान्यातली जेवणाची सुट्टी.

सॉफ्टवेअरच्या मजकुरात 'धिस अपडेट मे ब्रेक युवर प्लगइन्स' असं येतं. 'प्लगइन चालेनासे होऊ शकतात' एवढं पुरे. आणि ट्रान्सलेशन मेमरी (तुमचे जुने अनुवाद साठवून तेच पुन्हा सुचवणारी संगणकावरची सोय) वापरत असाल तर 'ब्रेक'साठी तिने सुचवलेलं डोळे मिटून स्वीकारू नका. तुम्ही दोन वर्षांपूर्वी दोरीसाठी केलेलं 'तुटणे' ती आज काचेला लावून देते. माझ्या मेमरीत तो विम्याचा 'हात तुटल्यास' अजून आहे. काढून टाकायचं राहतं, आणि दर तीन-चार महिन्यांनी कुठल्यातरी कामात तो वर येतो.

१०. द्यायच्या आधी

मोठ्याने वाचा. शक्यतो अनुवादाशी संबंध नसलेल्या माणसाला वाचून दाखवा. मी आईला वाचून दाखवते. ती भाजी निवडत ऐकते आणि चुकलं की तिचा हात थांबतो.

सरावासाठी ही तीन घ्या, उत्तरं न बघता करा: 'द बिस्किट ब्रोक इन माय टी', 'ही ब्रोक हिज सायलेन्स आफ्टर टेन इयर्स', 'द हँडल ब्रोक ऑफ इन माय हँड'. पहिल्याला मी 'बिस्कीट चहात मोडलं' केलं होतं. आई म्हणाली, मोडत कशाला, विरघळून तुटून पडलं असेल. दुसऱ्यात मौन सोडलं, त्यावर वाद नाही. तिसऱ्यासाठी मी 'कपाचा कान तुटून माझ्या हातात राहिला' असं लिहून वाचलं. तिने मेथीची काडी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "कान हातात आला, म्हण की."